साहेबांचे सत्तावीस कोट

बटणमावशीची आणि तिच्या नवऱ्याची पहिली भेट बसथांब्यावर झाली, आणि त्या भेटीत तीन बसगाड्या, एक स्वेटर आणि नवऱ्याची अब्रू एवढं सगळं गेलं. तो रांगेत तिच्या पुढे उभा होता. त्याच्या स्वेटरच्या बाहीतून लोकरीचा एक धागा लोंबत होता. दुसऱ्या कुठल्याही तरुणीने अशा वेळी आकाशाकडे पाहिलं असतं. मावशीने (तेव्हा ती कुणाचीच मावशी नव्हती) तो धागा चिमटीत धरला आणि तोडावा म्हणून ओढला. धागा तुटला नाही, आला. ती ओढत राहिली, तो येत राहिला. पहिली बस आली तेव्हा बाही कोपरापर्यंत उसवली होती, दुसरी आली तेव्हा पाठ गेली होती, आणि तिसरी बस निघून गेली तेव्हा तो तरुण नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत उभा होता आणि तिच्या हातात कलिंगडाएवढा लोकरीचा गुंडा होता. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"उद्या या," ती म्हणाली, "परत विणून देते. ज्याने कुणी विणला त्याला अक्कल नव्हती."

ज्याने कुणी विणला ती त्याची आई होती. तरीही तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला, आणि पुढची सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी तिच्याकडेच जात राहिला, कारण एव्हाना ते त्याचंच घर झालं होतं.

त्याचं काम जाहिराती पुकारण्याचं. लहानशा गाडीच्या टपावर कर्णा बांधायचा आणि गल्लोगल्ली ओरडत फिरायचं. सर्कस आली, पाणी उद्या येणार नाही, चपलांवर सूट. सगळे त्याला भोंगा म्हणत. कर्णा गाडीवर ठेवून तो घरी येई, पण आवाज बरोबर घेऊन येई. "सूचना! सूचना! चहा झालेला आहे! इच्छुकांनी त्वरित स्वयंपाकघरात यावे!" असा पुकारा झाला की तीन घरं सोडून राहणारे आजोबा कप घेऊन दारात हजर. मावशी म्हणे, "अहो, मी समोर बसलेय. दोन हातांवर." तो म्हणे, "समोर बसलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे!" शेजारणी तिची कीव करत. ती मात्र दुपारी कामावर असताना लांबून त्याची गाडी गेली की सुई धरलेला हात क्षणभर थांबवी आणि मग परत चालू करी. एवढंच. तिच्या प्रेमाचा याहून मोठा पुरावा कुणाकडे नाही.

ती कपडाघरात काम करी. लोकांनी दान केलेले जुने कपडे तिथे येत, आणि ज्यांना हवे त्यांना फुकट मिळत. तीन खोल्या होत्या. पहिलीत देणारे येत, तिसरीत घेणारे, आणि मधल्या खोलीत मावशी बसे, म्हणजे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ कधी पडत नसे. पहिल्या खोलीला रस्त्यावर दार होतं, तिसरीला मागच्या बोळात. मधल्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्री, रंगाचं पातेलं आणि भिंतभर बरण्या. बरण्यांत बटणं.

कारण तिचं काम ठिगळं लावण्याचं नव्हतं. तिचं काम होतं ओळख काढण्याचं. आलेल्या प्रत्येक कपड्याची बटणं बदलायची, कॉलर उलटवायची, खिसा इकडचा तिकडे करायचा, नावाची पट्टी उसवायची, जमलं तर रंग द्यायचा. हेतू असा की देणाऱ्याने आपलाच शर्ट रस्त्यात समोरून येताना पाहिला तरी त्याला तो कळू नये.

या कामामागे एक गोष्ट होती आणि ती मावशीच्याच घरातली होती. ती नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांना कुठूनतरी दानातला एक निळा शर्ट मिळाला. नवा कोरा वाटावा असा. तो घालून ते तिला घेऊन बाजारात गेले, तर समोरून एक गृहस्थ आले, थबकले आणि अगदी कौतुकाने, चारचौघांत म्हणाले, "अरे, हा तर माझा शर्ट! काय छान बसलाय तुला!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वडिलांनी एक एक करून बटणं सोडली, शर्ट काढला, नीट घडी घातली, गृहस्थांच्या हातात ठेवला आणि उघड्या अंगाने घरी निघाले. मावशी त्यांचं बोट धरून चालत होती. घरी आल्यावर म्हणाले, "बटणं तरी बदलायला हवी होती."

तर बटणं. तिचं पहिलं लक्ष माणसाच्या बटणांकडे जाई, तोंडाकडे जमलं तर. आणि कामाबद्दल तिचं एक ठाम मत होतं. "कपडा माणसाला बदलत नसतो," ती सांगे, "माणूस कपड्याला बदलतो. महिनाभर अंगावर घातला ना, की कोपर त्याचं, गुडघा त्याचा. मी नुसती बटणं बदलते, उरलेलं तो आपोआप करतो." या मताच्या जोरावर तिने एकोणीस वर्षं काम केलं, आणि एकोणीस वर्षांत एकाही देणाऱ्याने एकाही घेणाऱ्याला ओळखलं नाही.

मग साहेब वारले.

साहेब म्हणजे गावाचे दाते. त्यांनी काय दिलं नाही ते सांगणं सोपं. माणूस आजारी पडला तर साहेबांच्या खाटेवर, बरा झाला तर साहेबांच्या बाकावर, आणि नाहीच झाला तर साहेबांच्या शववाहिकेत. रोज दुपारी चार वाजता ते बागेत फिरायला निघत. डावा खांदा खाली, उजवा हात कोटाच्या खिशात, चाल संथ. वाटेत जो भेटेल त्याला अगदी हळू आवाजात, म्हणजे समोरच्याला वाकावंच लागेल इतक्या हळू, विचारत, "बरं चाललंय ना?" आणि उत्तर यायच्या आत पुढे गेलेले असत. लोक वाकलेल्या अवस्थेत मागे राहत. गावात असे कितीतरी लोक होते ज्यांचं उत्तर वीस-वीस वर्षं तोंडातच राहिलं होतं.

त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईसाहेबांनी, पंधराव्या दिवशी कपडे पाठवले. त्यात सत्तावीस कोट होते. सगळे राखाडी, सगळे एका मापाचे, सगळे एकाच शिंप्याने दीड वर्षाला एक या हिशोबाने शिवलेले. कपडाघराचे व्यवस्थापक, ज्यांना भिंतीवर नियम लिहून लावायची हौस असल्यामुळे सगळे नियमकाका म्हणत, ते कोटांभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले. "मावशी, असं कापड आता येत नाही. थंडी तोंडावर आलीय. लवकर करा."

मावशीने बारा दिवसांत सत्तावीस कोटांची ओळख काढली. कुणाला पितळी बटणं, कुणाला लाकडी. काही काळे रंगवले, काही तपकिरी, काही बाटलीसारखे हिरवे. खिसे हलवले. दोन कोट शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटणार नाहीत असं काम. फक्त एक गोष्ट तिच्या हाताला लागली. प्रत्येक कोटाचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली कापलेला होता. खांदा खोलायचा म्हणजे बाही काढायची, अस्तर काढायचं. कोटामागे आख्खा दिवस. बाहेर बोळात लोक हात चोळत उभे होते. "बसेल घालणाऱ्याच्या अंगावर," ती स्वतःशी म्हणाली आणि इस्त्री फिरवली.

सव्वीस कोट आठवड्यात गेले. सत्ताविसाव्याला, तो हिरवा होता, खालच्या बाजूला कसरीने भोक पाडलं होतं. फाटकी वस्तू द्यायची नाही हा नियम सात. त्या संध्याकाळी भोंगा तिला न्यायला आला आणि मशीनवर पडलेला कोट त्याने गंमत म्हणून अंगात चढवला. डावा खांदा पाडला, हात खिशात घातला, खोलीतून एक चक्कर मारली आणि नियमकाकांच्या कानाशी जाऊन कुजबुजला, "बरं चाललंय ना?"

नियमकाका हसून हसून खाली बसले. "हुबेहूब! अगदी हुबेहूब! घेऊन जा रे बाबा. देण्याजोगी नसलेली वस्तू कर्मचाऱ्याने नेल्यास हरकत नाही. नियम नऊ."

असा तो कोट घरी आला.

पहिल्यांदा काय झालं तर पावाच्या दुकानात रांग हलली. मावशी रांगेत होती. मागून बाजारातला हमाल आला, अंगावर काळा कोट, पितळी बटणं. तिनेच लावलेली. काही न बोलता पुढची चार माणसं बाजूला झाली. दुकानदाराने कपाळाला हात लावून सलाम केला, आणि केल्यावर आपण हे का केलं म्हणून तो हाताकडे बघत राहिला. हमाल पाव घेऊन संथपणे निघून गेला. डावा खांदा खाली होता. ओझ्याने असेल, मावशीला वाटलं.

मग तक्रार आली. सर्कशीचा मालक घरी येऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्याला झालंय काय? काल माझी जाहिरात अशी केली की लोकांना वाटलं कुणीतरी गेलं. दोन बायका डोळे पुसत तंबूपाशी आल्या!"

"घसा बसला असेल हो."

"बसला? अहो, झोपला!"

घसा ठीक होता. तिने कंदील धरून पाहिला. पण चहाचा पुकारा बंद झाला होता. भोंगा चहा करी, कप तिच्यापुढे ठेवी आणि खिडकीशी जाऊन उभा राही, कोट अंगात, हात खिशात. तीन घरं सोडून राहणारे आजोबा रोज संध्याकाळी कप घेऊन दारात उभे राहत, वाट बघत आणि परत जात.

एका संध्याकाळी ती कांदा चिरत होती. तो मागून आला. तिच्या खांद्यापाशी वाकला आणि म्हणाला, "बरं चाललंय ना?"

"अहो, पुरे आता ती नक्कल," ती हसत वळली. तो दारातून बाहेर पडला होता. पाठमोरा, संथ. नक्कल करणारा माणूस मागे वळून बघतो, कुणी हसलं की नाही ते. तो वळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काम टाकून बागेत गेली. चारचा ठोका पडत होता. ऊन स्वच्छ होतं, मुलं घसरगुंडीवर ओरडत होती, म्हणजे घाबरावं असं तिथे काहीच नव्हतं. बागेत साहेबांनी दिलेली बाकं ओळीने होती. पहिल्या बाकावर हमाल बसला होता. दुसऱ्यावर चाकूला धार लावणारा, तपकिरी कोट. तिसऱ्यावर शाळेचा शिपाई. मावशी मोजत गेली. अकरा बाकं, अकरा माणसं, प्रत्येक जण बाकाच्या डाव्या टोकाला, खांदा खाली, उजवा हात खिशात. कोट एकासारखा दुसरा नव्हता. तिने जीव ओतून वेगळे केले होते. आणि तरी अकरा वेळा साहेबच बसले होते.

अकराव्या बाकावर तिचा नवरा होता. ती समोर जाऊन उभी राहिली. तो तिच्याकडे पाहून हसला, ओळख नसलेल्या माणसाकडे बघून मोठी माणसं हसतात तसा.

मावशी तिथून थेट साहेबांच्या शिंप्याकडे गेली. म्हातारा इतका वाकला होता की उभा असतानाही बसल्यासारखा दिसे. तो तिच्यावर तापलाच होता. "माझ्या कोटांना लाकडी बटणं लावणारी ती तूच ना? लाज नाही वाटली?"

"ओरडा नंतर, काका. आधी सांगा, साहेबांचा खांदा असा कशामुळे होता? पडले होते का कधी?"

"मला काय ठाऊक?"

"माप तुम्हीच घेत होता ना!"

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. "साहेबांचं माप मी कधी घेतलंच नाही."

"म्हणजे?"

"ते पहिल्यांदा आले तेव्हा पोरगेलेसे होते, पाठ अशी ताठ. अंगावर एक जुना कोट. कुणा दानशूर माणसाने दिलाय म्हणाले, हा मला लाभलाय, असाच्या असा दुसरा शिवा. मी तो कोट उसवला, त्यावरून कागद कापला. तोच कागद आजवर चालला. खांदा त्या कोटाचा होता."

"आणि तो कुणाचा कोट?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, त्या माणसालाही तो कुणीतरी दिलेलाच होता."

त्याने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला कागदाचं कापीव माप लटकत होतं, पिवळं पडलेलं, डावा खांदा दोन बोटं खाली. वारा नव्हता म्हणून ते हलत नव्हतं, एवढं चांगलं होतं.

मावशीने सुट्टी काढली. भोंगा आंघोळीला गेला की कोट घ्यायचा आणि दिवसभर लपवून खांदा खोलायचा असं तिने ठरवलं. कोटाशिवाय तो दिवसभर खिडकीशी उभा राहिला आणि उजवा हात नसलेल्या खिशात घालत राहिला. तिने बाही काढली, अस्तर काढलं, खांदा दोन बोटं उचलला, परत बसवला. संध्याकाळी कोट त्याच्या अंगावर चढवला आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. कोट सरळ होता. आतला माणूस डावीकडे कलला होता, आणि त्यामुळे आता कोटच वाकडा दिसत होता.

मग ती उरलेल्या कोटांच्या मागे लागली. हमालाला गाठून म्हणाली, "बाबा, कोट दे. दुसरा देते, याहून जाड."

"नको मावशी."

"अरे, तुझी चाल बघ काय झालीय!"

"चाल जाऊ दे," तो हळूच म्हणाला. "बत्तीस वर्षं ओझी वाहतोय. या कोटात मला कुणी 'ए' म्हणत नाही." आणि तिने काही म्हणायच्या आत पुढे निघून गेला. मावशी वाकलेली मागे राहिली.

एकानेही कोट परत केला नाही. उलट ते देऊ लागले. आधी किरकोळ. शिपायाने छत्री दिली. मग हमालाने हातगाडी दिली, ज्याला गाडी ओढायची नव्हती अशा माणसाला. धारवाल्याने धारेचं चाक बालवाडीला दिलं, आणि बालवाडीच्या बाई ते झाकून ठेवायला जागा शोधत फिरल्या. सव्वीस घरांतून पातेली, खुर्च्या, पांघरुणं बाहेर पडून कपडाघरात येऊ लागली. बायका कपडाघराच्या दारात येऊन आपलंच पांघरूण परत मागत आणि नियमकाका भिंतीकडे बोट दाखवत. दिलेली वस्तू परत मिळणार नाही. नियम चार. गावात इतकं दान कधीच झालं नव्हतं. वर्तमानपत्राने कौतुकाचा मथळा दिला. भोंग्याने कर्णा देऊन टाकला. कुणाला दिला ते त्याला सांगता आलं नाही.

एका सकाळी पहिल्या खोलीचा माणूस आजारी होता म्हणून मावशी तिथे बसली. हातगाडीवरून एक शिलाई मशीन आलं. घरचं. तिच्या आईचं. चाकाशेजारी तिने लहानपणी काढलेलं पिवळं फूल होतं. मशीनमागून तिचा नवरा आत आला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, हे काय? हे माझं आहे."

तो टेबलावर वाकला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं चाललंय ना?" आणि निघाला.

"नाही!" मावशी ओरडली. एकोणीस वर्षांत त्या खोलीत कुणी ओरडलं नव्हतं. "नाही चाललंय बरं! ऐका ना!"

दार लागलं होतं.

नियमकाकांनी पावती केली. "मावशी, मी काय करू? नियम..." मशीन मधल्या खोलीत गेलं आणि रीतीप्रमाणे त्याची ओळख काढायची होती, आणि ते काम करणारं माणूस एकच होतं. तिने पिवळ्या फुलावर काळा रंग दिला. दोन हात दिले, कारण पहिल्यातून फूल दिसत होतं.

त्या दिवसापासून तो दुपारचाही घरी येईना. चौथ्या दिवशी तिला कळलं की तो साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बसतो. ती तडक गेली. घंटा न वाजवता आत शिरली.

दिवाणखान्यात मोठ्या खुर्चीत तो बसला होता, डावीकडे कललेला. समोर बाईसाहेब लहान खुर्चीवर बसून बोलत होत्या. भरभर, न थांबता, हातवारे करत. मावशीला पाहून त्यांनी हाताने थांब म्हटलं, वाक्य संपवलं आणि मग वळल्या.

"तूच ना गं ती? मी म्हटलं यांचे कपडे द्या लोकांना, तर तू यांनाच रस्तोरस्ती पाठवून दिलंस. भाजी घ्यायची सोय राहिली नाही मला."

"बाईसाहेब, हा माझा नवरा आहे."

"असेल. बाकीच्यांचे नुसते खांदे आहेत, याला आवाजही आलाय. म्हणून याला आत घेतलं."

"मी घेऊन जाते."

"ने की. येतो का बघ."

मावशीने त्याचा हात धरला, ओढला, अहो म्हणून झालं, भोंग्या म्हणून झालं. तो तिच्याकडे बघून मोठ्या माणसासारखा हसला. तिने हात सोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तसं बाईसाहेबांनी स्वतःचा रुमाल पुढे केला, आणि मावशीने डोळे पुसायच्या आधी, सवयीने, त्याचा उसवलेला काठ पाहिला.

"बस," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "छत्तीस वर्षं संसार केला. रोज सकाळी मला विचारायचे, बरं चाललंय ना. आणि मी तोंड उघडेपर्यंत बाहेर. जगाला द्यायला जायचे. छत्तीस वर्षांत एकदा थांबले नाहीत गं. हा बसतो. हलत नाही. मी उत्तर देतेय."

"किती?"

"रोज एक वर्ष. आज चौथं चाललंय. या वर्षात माझी पहिली मुलगी गेली, म्हणून वेळ लागतोय."

मावशी त्या दोघांकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांनी दिलेलं पुढे सरकवलं होतं. स्वतःचं काही दिल्याचं तिला आठवत नव्हतं. शेवटी ती उठली.

"पाच वाजता घरी पाठवायचं," ती म्हणाली. "आणि छत्तीस म्हणजे छत्तीस. सदतिसाव्या दिवशी मी येईन ती कात्री घेऊन येईन."

"बरं."

"आणि दुपारी त्याला काहीतरी खायला घाला. भूक लागली तरी आता सांगत नाही तो."

बत्तीस दिवस तो रोज जाई आणि रोज पाचला परत येई. दरम्यान ऊन तापलं. बाकीच्या सव्वीस जणांनी घाम यायला लागला तसे कोट खुंटीला लावले आणि पंधरवड्यात सरळ झाले. हमालाला पुन्हा सगळे 'ए' म्हणू लागले आणि तो घरची पातेली परत मागायला कपडाघरात आला, नियम चार वाचला आणि भिंतीला लाथ मारून गेला. भोंगा मात्र भर उन्हात हिरवा कोट घालून जाई. रस्त्यातले लोक त्याला पाहून पलीकडच्या बाजूला जात. सलाम आता कुणी करत नसे.

छत्तिसाव्या दिवशी पाच वाजले, सहा वाजले. मावशीने कात्री पिशवीत टाकली. साडेसहाला दार उघडलं. तो नुसत्या शर्टावर होता, आणि घामाने नव्हे, कसल्यातरी गारव्याने त्याच्या अंगावर काटा आला होता.

"कोट कुठाय?"

"दिला." आवाज हळू होता, पण तो तिच्या तोंडाकडे बघून बोलत होता.

"कुणाला?"

"कोपऱ्यावर एक जण उभा होता. थंडी वाजतेय म्हणाला."

बाहेर रस्त्याचं डांबर उन्हाने अजून मऊ होतं. "कोण होता?"

"तोंड नाही गं दिसलं. असा डावीकडे कलून उभा. कोट घातला, अगदी मापाचा बसला त्याला. मग विचारलं त्याने, बरं चाललंय ना."

"आणि गेला?"

"नाही. थांबला. मी सांगत होतो, तो ऐकत होता. म्हणून तर उशीर झाला."

मावशीने दाराला आतून कडी घातली आणि त्याला पांघरूण दिलं.

बाईसाहेब पुढच्या आठवड्यात बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या. त्यांच्या बंगल्यात आता दातांचा दवाखाना आहे. भोंग्याचा आवाज परत आला नाही. जाहिराती हल्ली रेकॉर्ड लावून होतात, तो नुसती गाडी चालवतो. डावा खांदा अजून थोडा खाली आहे. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ करायला व्यायाम लिहून दिला आहे. तो करत नाही.